मदत हवी आहे : काळ्या मातीत हातोडाफेकीचं वर्तुळ टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी पूर्वी राष्ट्रीय पातळीवर हातोडाफेक करायचो, आता परभणीत कॉलेजच्या पोरापोरींना शिकवतो. गोळा, थाळी, भाला यांचं भागतं. अडचण हातोड्याची.

२.१३५ मीटर व्यासाचं सिमेंटचं वर्तुळ केलंय, पण आपली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि काँक्रीटला तडे जातात. टाच-चवड्यावर गिरकी घेताना पाय तड्यात अडकला तर गुडघाच जायचा. शिवाय आतली पातळी वर्तुळाभोवतीच्या कडीपेक्षा २ सेंटिमीटर खाली, त्यामुळे पाणी साचतं.

काळ्या रानात असं वर्तुळ कुणी बांधलंय का? माती किती खोल काढली, मुरूम किती भरला, पाण्याला वाट कशी दिली? वरचा थर फार गुळगुळीत नको, फार खरबरीतही नको, हे गणित कसं जमवलं?

दुसरं, हातोडा भलतीकडे सुटला तर अडवायला वर्तुळाभोवती जो पिंजरा लागतो, त्यासाठी मजबूत जाळी नांदेड-लातूरकडे कुठे मिळेल? मुलांचा हातोडा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. जाळीशिवाय मी कुणालाही फेकू देत नाही, देणारही नाही. सध्या नुसत्या गिरक्याच चालल्यात. पोरी शेतात राबलेल्या, कंबरेत जबर ताकद आहे त्यांच्या. विद्यापीठ स्पर्धेआधी त्यांना खरी फेक मिळायलाच हवी.

जाळी जुनी असली तरी चालेल, येऊन घेऊन जाईन.