सहा महिन्यांत व्हेंटिलेटर शिकवणार म्हणे!

नाईटड्युटी_कराड
'बारावीनंतर सहा महिन्यांत रेस्पिरेटरी थेरपिस्ट (व्हेंटिलेटर, ऑक्सिजन सांभाळणारा) व्हा, डिग्रीत चार वर्षं कशाला घालवता?' सांगलीतल्या एका क्लासची ही जाहिरात काल इथं कुणीतरी टाकली आणि खाली 'भारी' म्हणणारे वीस जण! २०२१ च्या केंद्रीय कायद्यात अलाइड हेल्थच्या (डॉक्टरांना साथ देणाऱ्या तंत्रज्ञांच्या) व्याख्येलाच किमान २००० तास लागतात, तेही दोन ते चार वर्षांत. हा सहा महिन्यांचा कागद कुठं बसवणार? १५० सेंमी उंचीची, ८० किलोची बाई व्हेंटिलेटरवर आली, तर टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला द्यायची हवा, काट्यावरच्या वजनावर लावत नाहीत. उंचीवरून वजन निघतं साधारण ४३ किलो, किलोला ६ मिली धरून २६०. क्लासवाला पोरगा ४८० लावणार आणि फुफ्फुसं फाडणार.

मिरजेची_सिस्टर
एवढं गणित आयसीयूतल्या सिस्टरलाही येतं हो. कफ प्रेशर (श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्याचा दाब) २० ते ३० सेंमी पाण्यात ठेवणं, सक्शन करून कफ काढणं, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), रात्री तीनला कोण करतं? डिग्रीवाल्यांची पोस्ट तरी आहे का आपल्याकडच्या छोट्या हॉस्पिटलांत?

नाईटड्युटी_कराड
करता ना ताई, पण चार बेड सांभाळत. एचएमई फिल्टर (श्वासातला ओलावा धरणारा) न काढता औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर जोडला की औषध फिल्टरातच अडकतं, फिल्टर भिजतो, प्रेशरचा अलार्म वाजतो आणि सगळे पेशंटला सिडेशन (गुंगीचं औषध) द्यायला धावतात. हे बघायला वेगळा माणूस लागतो.

खंबाटकी_१०८
डिग्रीचं कौतुक पुरे. ॲम्ब्युलन्समध्ये डिग्रीवालेही गडबडतात. मिरज ते पुणे चार तास. ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भरलेला म्हणजे १५०० लिटर. मिनिटाला १० लिटर धरले तर अडीच तासांत खलास, म्हणजे साताऱ्यापुढं घाटातच! तीन सिलिंडर घ्या म्हटलं की तोंड वाकडं करतात.

नाईटड्युटी_कराड
सरसकट १० कुठून आणले? टर्बाइनचं व्हेंटिलेटर खोलीतली हवा ओढतं. मिनिट व्हॉल्यूम, म्हणजे मिनिटाला फुफ्फुसांत जाणारी हवा, ८ लिटर आणि ऑक्सिजन ६० टक्के असेल तर ०.६० मधून ०.२१ (साध्या हवेतला ऑक्सिजन) वजा करा, ०.७९ ने भागा, ८ ने गुणा. मिनिटाला चार लिटर लागतात, चार तासांत ९६० लिटर.

खंबाटकी_१०८
आणि घाटात ट्रक आडवा झाला? पेशंट १०० टक्के ऑक्सिजनवर गेला? मास्कची गळती कोण मोजणार, तुमचा फॉर्म्युला? शिवाय गॅसवर चालणारं जुनं मशीन असेल तर चालवायलाच वेगळा ऑक्सिजन जातो. गेजवर १५० बार दाब असेल तर सिलिंडर भरलेला, ७५ ला निम्मा. एवढं बघितलं तरी बास.

मिरजेची_सिस्टर
दोघांचं सिलिंडरपुराण झालं असेल तर मूळ विषयावर या!

वाळव्याचा_पाहुणा
इथली बीएस्सी करून अमेरिकेत आरआरटी (तिथला नोंदणीकृत रेस्पिरेटरी थेरपिस्ट) होता येतं का?

नाईटड्युटी_कराड
थेट नाही. तिथल्या एनबीआरसी या परीक्षा मंडळाच्या परीक्षेला बसायला सीओएआरसी या कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला कोर्स लागतो. एजंट हे सांगत नाहीत. आणि १०८ साहेब, तीन सिलिंडर मान्य. गणित मात्र माझंच बरोबर.

खंबाटकी_१०८
मान्य केलंत, उपकार झाले. आता तो तिसरा सिलिंडर गाडीत पट्ट्यानं बांधायचा असतो, हे त्या चार वर्षांत शिकवतात का तेवढं सांगा.