मागच्या दाराचे सेंट्रल लॉक चालत नाही : फक्त मोटर बदलावी की पूर्ण लॅच?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या २०१५ सालच्या हॅचबॅक गाडीच्या मागच्या डाव्या दाराचे सेंट्रल लॉक यंदाच्या पावसाळ्यापासून नीट चालत नाही. रिमोटचे बटण दाबले की इतर तीन दारे व्यवस्थित लॉक होतात, हे दार मात्र कधी होते आणि कधी होत नाही. आतील खुंटी हाताने फिरवली की लॉक लागते आणि उघडतेही. मुले याच दाराने चढतात-उतरतात, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्याची माझी तयारी नाही.

एका गॅरेजमध्ये पूर्ण लॅच (दार मिटल्यावर ते धरून ठेवणारी कडीची यंत्रणा) बदलावे लागेल असे सांगितले. एक वायरमन मात्र बाजारात काही शे रुपयांना मिळणारी दोन वायरींची मोटर आत बसवून देतो म्हणतो. यांपैकी योग्य काय, आणि हे काम घरी करण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

कोणताही भाग विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते निश्चित करा, कारण आपण सांगता तसे अधूनमधून चालणारे लॉक पुष्कळदा निर्दोष असते आणि तुटलेली असते ती वायर. एकच दार बिघडले आहे, त्यामुळे रिमोट आणि मुख्य फ्यूज यांचा विचार तूर्त बाजूला ठेवता येईल. दार आणि खांब यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक रबरी नळी असते. दार उघडताना-मिटताना तिच्यातील वायरी प्रत्येक वेळी वाकतात आणि काही वर्षांनी आतले तांबे तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. दार उघडे ठेवून ती नळी हळूच हलवत राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी रिमोट दाबायला सांगा. नळी विशिष्ट कोनात वळवल्यावर लॉक चालू लागले, तर दोष तिथेच आहे. अशी वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नये. लवचिक, अनेक तारांच्या वायरीचा नवा तुकडा घालावा आणि डाग दिलेले जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवावेत.

नळीत काही आढळले नाही तर दाराचे पॅनेल काढून लॅचचा कनेक्टर तपासावा लागेल. इथे पुष्कळ लोक मल्टीमीटर लावतात आणि फसतात. लॉकच्या मोटरला वीज जेमतेम क्षणभर मिळते आणि तेवढ्या वेळात डिजिटल मीटरचा आकडा स्थिर होत नाही. शिवाय एखादीच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवू शकते. त्याऐवजी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब मोटरच्या दोन वायरींमध्ये जोडा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे वायरीची खरी परीक्षा होते. लॉक करताना आणि उघडताना, दोन्ही वेळा बल्ब लख्ख चमकला, तर वायरिंग ठीक आहे आणि दोष लॅचमध्ये आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. बल्बची चाचणी वगळू नका. मोटरच्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. ज्या जुन्या गाड्यांमध्ये सेंट्रल लॉकिंग नंतर बाहेरून बसवलेले असते, तिथे मोटर वेगळी असते आणि सळईने लॉकला जोडलेली असते. तिथे दोन वायरींची नवी मोटर बसवणे हाच सरळ उपाय आहे. (चालकाच्या दाराला बहुधा पाच वायरींची मोटर लागते, कारण तिच्यात इतर दारांना सूचना देणारा स्विचही असतो.) आपल्या गाडीचे सेंट्रल लॉकिंग कंपनीने बसवलेले असेल, तर मोटर बहुधा लॅचच्या पेटीतच असेल. अशा लॅचला बाहेरची मोटर जोडली, तर जुन्या, कदाचित जाम झालेल्या यंत्रणेला नवी मोटर ढकलत राहते, आणि सळईचा कोन थोडा चुकला तरी आतली खुंटी जड होते. मुलांच्या दाराला ही तडजोड मी करणार नाही. गाडीचा मॉडेल, वर्ष आणि दाराची बाजू तंतोतंत सांगून पूर्ण लॅच घ्या.

काम घरी करता येते, पण घाई नको. काच पूर्ण वर करून तिला टेप लावा, मग बॅटरीची ऋण तार काढा. पॅनेलचे स्क्रू आतील हँडलच्या मागे आणि हात टेकवण्याच्या जागी लपलेले असतात. बाकी पॅनेल क्लिपांवर बसलेले असते. सळयांच्या प्लास्टिक क्लिपा ओढू नयेत, फिरवून सोडवाव्यात. लॅच दाराच्या कडेला सहसा तीन स्क्रूंनी धरलेले असते. ते घट्ट असतील तर बरोबर मापाचा स्टार पाना वापरा, नाहीतर डोके घासले जाऊन काम दुप्पट वाढते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नळीतील वायरी शाबूत निघाल्या आणि बल्ब दोन्ही वेळा लख्ख चमकला, तरी त्याच कनेक्टरला जोडलेले लॅच केवळ पुटपुटल्यासारखा आवाज करून थांबते. त्यामुळे पूर्ण लॅच मागवले आहे. पॅनेलमागचा प्लास्टिक कागद खालच्या बाजूला फाटलेला आढळला. पाणी तिथूनच लॅचमध्ये गेले असावे का?

तिसरा प्रतिसाद

नाही. लॅच त्या कागदाच्या ओल्या, म्हणजे बाहेरच्या पत्र्याकडच्या बाजूलाच असते. कागद फाटला तर पाणी गाडीच्या आत, पायाखालच्या गालिच्यात उतरते. लॅचपर्यंत जास्त पाणी जाण्याचे कारण काचेबाहेरच्या, उन्हाने कडक झालेल्या रबरी पट्टीत किंवा दाराच्या तळाशी बुजलेल्या छिद्रांत शोधा. ती छिद्रे चिखलाने बंद झाली की दारात पाणी साचते आणि दमट हवा आतच कोंडून राहते. लॅच बाहेर काढलेच आहे तर छिद्रे मोकळी करा आणि कागद ब्युटाइलच्या चिकट पट्टीने पुन्हा नीट चिकटवा.

नवे लॅच बसवल्यावर चाइल्ड लॉकची कळ कोणत्या स्थितीत आहे ते पाहा, कारण ती लॅचसोबतच येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, दार लगेच मिटू नका. दार उघडेच ठेवून लॅचचा आकडा (दार अडकवणारा हुक) स्क्रूड्रायव्हरने दोन टप्प्यांत बंद करा, रिमोटने लॉक करून उघडा, मग बाहेरचे आणि आतले हँडल ओढून आकडा प्रत्येक वेळी सुटतो की नाही ते तपासा. एखादी सळई जोडायची राहिली असेल तर ती आत्ताच कळेल. दार मिटल्यानंतर कळले, तर बंद दाराचे पॅनेल काही न मोडता काढणे फार अवघड जाते.