बीएएमएस करून शेवटी ॲलोपॅथीच करायची असेल तर सरळ एकत्रित डिग्री का नको?

बार्शीची_मावशी
भाचीचं यंदा एमबीबीएस थोडक्यात हुकलं, बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या डिग्रीची, सीट मिळतेय. घरात जो येतो तो तिला एकच सांगतो, घे गं, शेवटी प्रॅक्टिस ॲलोपॅथीचीच करायचीय ना. मला हे वाक्य टोचतं. साडेपाच वर्षं पोरगी संस्कृत, पदार्थ विज्ञान (आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान), द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचे गुण), रसशास्त्र (धातू-खनिजांची औषधं) शिकणार आणि बाहेर पडून लिहिणार काय तर अँटिबायोटिक, म्हणजे जे शिकली ते करणार नाही आणि जे करणार ते तिला कुणी नीट शिकवलेलं नसणार.

आमच्या लहानपणी गावात जीएफएएम, म्हणजे आयुर्वेदाची जुनी डिग्री असलेले, डॉक्टर होते, पाटीवर तशीच डिग्री लिहिलेली. नाडी बघायचे, काढा द्यायचे आणि गरज पडली की पेनिसिलिनही टोचायचे, कारण त्यांना कॉलेजात दोन्ही शिकवलेलं होतं. १९४८ च्या सरकारी चोप्रा समितीनेही एकत्रित शिक्षणच सुचवलेलं. मग शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह आला आणि ते कोर्स गेले. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात परत तेच, एमबीबीएसवाल्यांना आयुषची (आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी वगैरेंची) आणि आयुषवाल्यांना ॲलोपॅथीची ओळख हवी. ओळख कशाला, पहिली तीन वर्षं सगळ्यांना एकच शिकवा, एकच परीक्षा घ्या, मग ज्याला आयुर्वेदाकडे जायचंय त्याने जावं. माझं मत स्पष्ट आहे, एक पाया आणि एक डिग्री. तुम्हाला काय वाटतं?

मिरजेचा_फिजिशियन
तळमळ पटते पण उपाय पटत नाही. एमबीबीएसचा सिलॅबस आत्ताच साडेपाच वर्षांत मावत नाही, त्यात आयुर्वेद घालायचा म्हणजे काहीतरी काढावं लागणार, काय काढू सांगा, फार्मॅकॉलॉजी की बालरोग? दोन्ही अर्धं शिकलेला डॉक्टर पेशंटला पूर्ण कुठलंच देऊ शकत नाही.

१९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. मुंबईतलीच केस, होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या पेशंटला आधी व्हायरल म्हणून मग टायफॉइड म्हणून ॲलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट गेला. कोर्टाने दोषी ठरवलं, कारण ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्याची औषधं दिली. आणि आपल्या राज्याने २०१४ मध्ये कायदे बदलून होमिओपॅथांना एक वर्षाच्या सीसीएमपी या औषधशास्त्राच्या कोर्सवर ॲलोपॅथीची वाट उघडून दिली! १८ सप्टेंबर २०२५ चा आम्हा ॲलोपॅथी डॉक्टरांचा एक दिवसाचा बंद या होमिओपॅथांच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीविरुद्धच होता. लोक म्हणाले डॉक्टर धंद्यासाठी भांडतात. माझ्याकडे सहा सहा महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाऊन सुजलेले पेशंट येतात हो, कुणीतरी सांधेदुखीला म्हणून चालू केलेल्या आणि बंद कशा करायच्या ते न सांगितलेल्या. तो राग आहे.

रात्रपाळी_१०८
सर, मी बीएएमएस. आधी एका खासगी हॉस्पिटलात आरएमओ (निवासी डॉक्टर) होतो, आता १०८ ॲम्ब्युलन्सवर आहे. राज्यातल्या १०८ च्या गाडीत तुम्हाला बहुतेक आमच्यासारखेच दिसतील. मेळघाटात पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्याच्या भरारी पथकात कोण जातं तेही तुम्हाला माहितीये.

रात्री दोनला वाडीवरून फोन येतो, घोणस चावलीय, किंवा डिलिव्हरी झाली आणि रक्त थांबत नाही. तिथे एमबीबीएसवाला नसतो, मी असतो. ते सगळं मी शिकलो कुठे? कॉलेजात नाही, रात्रपाळीत सिस्टरांकडून. पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्या सिस्टरने माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली, म्हणाली डॉक्टर, हे इतक्या जोरात देत नाहीत. तिने हात धरला नसता तर काय झालं असतं याचा विचार अजून रात्री झोपू देत नाही. कायद्याचं म्हणाल तर १९९२ आणि १९९९ च्या राज्याच्या आदेशांनी आम्हाला ॲलोपॅथीची परवानगी आहे. परवानगी दिली, शिक्षण नाही दिलं. म्हणून मी मावशींच्या बाजूने, आमची परीक्षा घ्या, कडक घ्या, नापास करा, पण आधी शिकवा.

वैद्य_सदाशिवपेठ
या सगळ्यात आयुर्वेद कुठे आहे? इथे दोघं भांडताय ते ॲलोपॅथी कुणी करायची यावर. एकत्रित डिग्री आली तर चौथ्या वर्षी आयुर्वेदाची शाखा घेणार कोण, आज जी साडेपाच वर्षं हक्काची आहेत तीही जातील.

कॉलेजं नीट चालवा आधी. मुलं शेवटच्या वर्षाला येतात आणि वमन-विरेचनाचे (औषधाने उलटी-जुलाब करवून शुद्धी करायचे) पाच पेशंट सुद्धा त्यांनी स्वतः सांभाळलेले नसतात. जिथे काम झालंय तिथे फळ दिसतं. क्षारसूत्र घ्या, म्हणजे क्षार लावलेला औषधी दोरा. भगंदरावर (गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या जखमेवर) आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने अनेक केंद्रांत चाचणी केली, १९९१ मध्ये छापून आली. भरून यायला क्षारसूत्राला वेळ जास्त लागला, साधारण आठ आठवडे, ऑपरेशनला चार, पण पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के. हे आयुर्वेदाचंच आहे आणि सर्जनही मानतात. असं आणखी काम करणारे वैद्य घडवायला पूर्ण वेळचं शिक्षण लागतं.

मिरजेचा_फिजिशियन
वैद्यराज, क्षारसूत्र मान्य, अगदी मनापासून. सर्पगंधा ही वनस्पतीही मान्य, ब्लड प्रेशरवरचं तिचं काम १९४९ मध्ये मुंबईच्याच डॉ. रुस्तम वकिलांनी छापलं. पण पुढे त्याच औषधाने काहींना डिप्रेशन येतंय हेही नोंदवलं गेलं. गुळवेलीचं २०२१ मध्ये काय झालं, मुंबईतल्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट छापले तर आयुष मंत्रालयाने ते मोडीतच काढलं. साइड इफेक्ट शोधून लिहायचं शिक्षण द्या, मग बोलू.

वैद्य_सदाशिवपेठ
मंत्रालयाचा मुद्दा होता की वनस्पती नीट ओळखली का, टिनोस्पोराच्या, म्हणजे गुळवेलीच्याच कुळातल्या, दुसऱ्या जाती गुळवेल म्हणून खपतात. तो प्रश्न खरा आहे. पण नोंद ठेवायला हवी हे मान्य, माझ्या दवाखान्यात मी ठेवतो.

टेक्सासचा_नाना
इथलं एक उदाहरण. अमेरिकेत डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर असतात. हाडं-स्नायू हाताने दाबून बरं करायचं म्हणून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला पंथ, एमडीवाले, म्हणजे तिथले नेहमीचे डॉक्टर, त्यांना जवळ उभं करायचे नाहीत. त्यांनी काय केलं तर कॉलेजांत हळूहळू आधुनिक वैद्यक पूर्ण आणलं आणि आपली हस्तचिकित्सा वर ठेवली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर दोनेक हजार डीओंना सरळ एमडी करून घेतलं. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची (हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाची) मान्यता एकाच छत्राखाली आहे. म्हणजे मावशी म्हणतात ते होऊ शकतं, फक्त त्याला अर्धशतकाहून जास्त लागलं आणि फार्मॅकॉलॉजीत एक तासाची सुद्धा सूट मिळाली नाही.

दुसरी वाट ॲरिझोना विद्यापीठाची, १९९४ पासून. तिथे इंटिग्रेटिव्ह मेडिसिनची, म्हणजे एकत्रित वैद्यकाची, फेलोशिप मुख्यतः आधीच डॉक्टर झालेल्यांना देतात. आधी एक शास्त्र पक्कं, मग दुसरं. मला आपल्याकडे हेच जास्त योग्य वाटतं, एमबीबीएस किंवा बीएएमएस पूर्ण, मग एकत्रित आरोग्याची दोन वर्षांची पीजी, हॉस्पिटलात राहून.

होमिओ_सीसीएमपी
वर माझ्या कोर्सबद्दल आलंय म्हणून. आठवड्यातून दोन दिवस सरकारी मेडिकल कॉलेजात जायचो, बाकी दिवस दवाखाना. शिकवणारे चांगले होते, पण वॉर्डात उभं राहणं फार कमी. एक वर्ष पुरत नाही हे मी स्वतः सांगतो. तीन वर्षांचा करा, मी पुन्हा बसेन. पण नोंदणीच देऊ नका म्हणणाऱ्यांनी माझ्या तालुक्यात येऊन बसावं.

नर्मदाकाठ
मी पेशंटची मुलगी म्हणून लिहिते. आईला डायबेटिस, फिजिशियनच्या गोळ्या चालू आणि वैद्यांचं चूर्णही चालू, दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नाही कारण आई रागावतील म्हणून सांगत नाही. एकदा साखर इतकी उतरली की बाथरूममध्ये पडली. मला डिग्रीचं नाव काय ते नको, दोन्ही कागद एकत्र वाचून सांगणारा एक माणूस हवाय.

बार्शीची_मावशी
नर्मदाकाठ, आईंना आता बरं आहे ना?
नाना, तुमचं पीजीचं वाचून मी थोडी हलले, तीन वर्षांच्या एकाच पायावर माझा अजून जीव आहे पण वैद्यांची भीतीही खोटी नाही. भाचीने सगळा धागा वाचला. सीट घेणार म्हणते. तिचा १०८ वाल्या दादांना प्रश्न आहे, कॉलेज चालू असतानाच बाहेरून काय काय शिकून घेऊ?

रात्रपाळी_१०८
ताई, लिहून घे. ईसीजी वाचायला शीक, रोज एक. लहान मुलाचं वजन केल्याशिवाय डोस लिहायचा नाही, सवयच लाव. एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या इंजेक्शनची) रिॲक्शन कशी ओळखायची आणि ॲड्रेनलिन किती द्यायचं ते पाठ पाहिजे. सुट्टीत सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये परवानगी काढून उभी राहा. आणि द्रव्यगुण मन लावून कर, मी केलं नाही, आता पेशंट वैद्यांचं चूर्ण पुढे करतो तेव्हा त्यात काय आहे ते मला सांगता येत नाही.