पुराचा फोटो ब्रोशरवर गेला कसा?

अविनाश ए-३: सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. बिल्डरचं नवीन ब्रोशर आज दाराखालून सरकवून गेलेत. पान २ वर पानशेतच्या पुरानंतरचा आमच्या वाड्याचा फोटो आहे. १९६१ चा, बाबांनी काढलेला. बिल्डरला कोणी दिला?

अविनाश ए-३: वर सोसायटीचा लोगो. बाबांचं नाव कुठेच नाही.

सेक्रेटरी बी-२: नमस्कार. फोटो आपणच १२ जुलैला ग्रुपवर टाकला होतात. आमच्या चिरंजीवांनी सोसायटीच्या फेसबुक पेजवर लावला, तिथून घेतला असावा. हेतू चांगलाच होता 🙏

अविनाश ए-३: ग्रुपवर टाकला तो आपल्या माणसांनी बघावा म्हणून. लोगो लावा म्हणून नाही.

नाना ए-११: ६० वर्षं झाली की फोटो सगळ्यांचा. कॉपीराइटचा कायदाच आहे. १९६१ + ६० = २०२१. विषय संपला.

मंदाकाकू सी-१: अविनाश, तोच का रे, तुझी आजी पायरीवर घागरी उपड्या घालून बसलीय, आणि मागे चिखलाची रेघ पार चौकटीच्या वर?

अविनाश ए-३: तोच काकू. ब्रोशरमध्ये आजीला कापलंय. नुसती रेघ ठेवलीय. खाली लिहिलंय, "तेव्हा पाणी चढलं, आता तुम्ही चढा. २२ मजले."

केतन बी-९: 😂😂 सॉरी. पण 😂

मंदाकाकू सी-१: हसण्यासारखं काय आहे त्यात? आमचं नारायण पेठेतलं सगळं वाहून गेलं होतं. पूरग्रस्त म्हणून हा प्लॉट मिळाला, तेव्हा कुठे तुम्ही इथे आहात.

सेक्रेटरी बी-२: कृपया रिडेव्हलपमेंटचा विषय इथे नको. ठराव रीतसर झालेला आहे.

केतन बी-९: कसा झाला ते सगळ्यांना माहितीये.

सेक्रेटरी बी-२: रजिस्टरमध्ये आपली सही आहे.

केतन बी-९: हजेरीची.

नाना ए-११: ६० वर्षं झाली की फोटो सगळ्यांचा. वर लिहिलंय, वाचा.

वैशाली सी-७: नाना, तुमची ६० वर्षं २०१२ पर्यंत बरोबर होती, फक्त ती काढल्यापासून मोजायची नसतात. तेव्हा फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षं मिळायची. त्या वर्षी कायदा बदलला. आता फोटोग्राफरचं आयुष्य आणि पुढे ६० वर्षं, पुस्तकांना असतं तसं. अविनाशदादा, तुमचे बाबा कधी गेले?

अविनाश ए-३: १९८८.

वैशाली सी-७: म्हणजे २०४८ संपेपर्यंत हक्क वारसांकडे. आणि हा फोटो तर २०१२ पर्यंत कुठे छापूनही आलेला नव्हता, म्हणजे जुन्या नियमाची ६० वर्षंही सुरू झाली नव्हती.

नाना ए-११: मग इंटरनेटवर पुराचे शेकडो फोटो फिरतात ते?

वैशाली सी-७: प्रत्येकाचं वेगळं. १९६१ ला पेपरात नाव न देता छापला आणि फोटोग्राफर कोण ते नंतरही उघड झालं नाही, तर तिथे तुमची ६० वर्षं लागू, २०२१ अखेर मोकळा. आणि १९५८ च्या आधी काढलेले फोटो जुन्या कायद्याखाली येतात, निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. ते सुटले. पण फिरतोय म्हणून मोकळा, असं काही नसतं. आमच्याकडे स्कॅनिंगला पेट्या येतात ना, त्यात रोज हाच घोळ.

नाना ए-११: म्हणजे मी बरोबरच होतो.

केतन बी-९: नाना 🙏🙏

देवेंद्र ए-८: माझ्याकडे लकडी पुलाचे पुरातले दोन प्रिंट आहेत. जुन्या बाजारात रोख मोजून घेतलेत. ते तरी माझेच ना?

वैशाली सी-७: कागद तुमचा. फ्रेम करा, विका. छापायचा हक्क कागदाबरोबर येत नाही. स्कॅन केलात म्हणूनही येत नाही.

मंदाकाकू सी-१: आणि स्टुडिओत काढलेले गं?

वैशाली सी-७: काकू, तिथे उलटं. पैसे देऊन काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा.

मंदाकाकू सी-१: आमच्या लग्नाचे पैसे सासऱ्यांनी दिले होते. म्हणजे माझ्या फोटोत धाकट्या दिरांचाही वाटा?

केतन बी-९: काकू, अंतरपाट धरलेला फोटो त्यांना देऊन टाका. त्यात तुम्ही दिसत नाही.

देवेंद्र ए-८: उद्या टँकर किती वाजता येणार आहे?

सेक्रेटरी बी-२: सात. अविनाशजी, पेजवरून फोटो काढायला सांगतो. पण एक सुचवू का? आपण तो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या फोटोंच्या खुल्या संग्रहात टाकला तर जगाला दिसेल, बाबांचं नावही राहील. वाद मिटला.

केतन बी-९: आणि बिल्डरही सुटला 👏

सेक्रेटरी बी-२: केतन, प्रत्येक गोष्टीत राजकारण बघू नये.

वैशाली सी-७: केतन चुकीचं नाही म्हणत. तिथे साधारण सीसी बाय-एसए नावाचा, क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना देतात. नाव द्यायचं, बदल केला तर सांगायचं, बदललेलं त्याच परवान्याखाली ठेवायचं. एवढं पाळलं की धंद्यासाठीही वापरता येतो, न विचारता. "धंद्यासाठी नको" ही अट घातलेला फोटो कॉमन्स घेतच नाही. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. देऊ नका म्हणत नाही मी, पण भांडण मिटवायला म्हणून देऊ नका.

अविनाश ए-३: शिवाय मी एकटा ठरवू शकत नाही. नाशिकच्या ताईचाही हक्क आहे. तिला ब्रोशर पाठवलं, फोनवर दहा मिनिटं नुसती चिडली. कापलेल्या आजीवरूनच.

नाना ए-११: ६० वर्षं झाली की

नाना ए-११: चुकून गेलं.

अविनाश ए-३: आमचं असं ठरलंय. सोसायटीला फोटो वापरू द्यायला हरकत नाही. पेजवर, स्मरणिकेत, कुठेही. अख्खा फोटो, खाली बाबांचं नाव, वर लोगो नाही. बिल्डरला नाही. त्यांना हवा असेल तर त्यांनी आम्हा दोघांना लेखी विचारावं, आम्ही नाही म्हणू.

मंदाकाकू सी-१: 👌

सेक्रेटरी बी-२: मान्य. त्यांच्या माणसाशी आत्ताच बोललो. ब्रोशर बदलतो म्हणाले. फ्लेक्स मात्र छापून झालेत, त्याचा खर्च सोसायटीने निम्मा उचलावा अशी विनंती आहे.

केतन बी-९: विनंती फेटाळली. ठराव करा, सही करतो. हजेरीची नाही.

देवेंद्र ए-८: फ्लेक्स जाड आहे का? गच्चीवर जिन्याच्या टोपीवरून पाणी येतंय, उलटा बांधू.

मंदाकाकू सी-१: तीन पावसाळे झाले सांगतेय मी त्या टोपीचं.

सेक्रेटरी बी-२: काकू, प्लंबरचा नंबर पर्सनलवर पाठवतो.