इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीला भारी लाकूड म्हणजे पैशाचा चुराडा. पैसा नेकमध्ये (मानेत) घाला!

कानस (वडोदरा)

मंडळी, जरा भांडायला या म्हणून धागा काढतोय.

नोकरी सांभाळून मी हाताने इलेक्ट्रिक गिटार घडवतो. मकरपुऱ्यात एका मिस्त्रींच्या शेडमध्ये कोपरा मिळालाय, तिथे रंधा, पटाशी, राउटर (लाकूड कोरायचं मशीन) आणि शिव्या खायला मी. गिऱ्हाईक येतं ते फोनमध्ये फोटो घेऊनच. होंडुरासचं महोगनी पाहिजे, वर फ्लेम मेपलचा थर, फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) आबनुसाचा. बजेटचा मोठा भाग बॉडीच्या लाकडातच उडतो आणि मग फ्रेटच्या (त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्यांच्या) कामाला, नटला (नेकच्या टोकाला तारा धरणाऱ्या खाचांना), पिकअपला घासाघीस सुरू. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. या हिशेबात बॉडीचं लाकूड येतं कुठे? १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीची पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती ओतीव ॲल्युमिनियमची, दिसायला तव्यासारखी. गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या आसपास पाइनच्या सरळसोट ओंडक्यावर तारा ताणल्या आणि लोकांना गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना साध्या गिटारचे अर्धे भाग चिकटवले. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने पारदर्शक प्लॅस्टिकची बॉडी विकली. तिन्ही वाजल्या, तिन्हींचं नाव झालं.

नेकची गोष्ट वेगळी. १० ते ४६ जाडीच्या तारांचा सेट नट ते ब्रिज ६४८ मिमी लांबीवर सुरात लावला की सगळ्या तारांचा मिळून ४५ किलोच्या आसपास ताण बसतो, आणि तो रात्रंदिवस. त्यात आपली हवा. मे महिन्यात ४२ अंश आणि कोरडं ठणठणीत, जुलैत कपाटातले कपडेसुद्धा दमट. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. शंका असेल तर मे महिन्यात एखाद्या स्वस्त गिटारच्या नेकच्या कडेवरून अंगठा फिरवा. फ्रेटबोर्ड आकसलेला असतो, फ्रेटचा धातू तेवढाच राहतो, आणि टोकं करवतीच्या दातांसारखी लागतात.

म्हणून नेकला नीट वाळलेली, उभ्या रेषांची फळी हवी. एका ओंडक्यातून अशा फळ्या मोजक्याच निघतात, त्यामुळे लातीवाला (लाकडाच्या वखारीचा मालक) त्या सुखासुखी देत नाही. पैसा तिथे घाला. बॉडी कशाचीही करा.

तरफदार

कशाचीही? कानसभाऊ, हे वाक्य आमच्या घरात बोलला असतात तर चहा मिळाला नसता.

सतार-तानपुऱ्याची दुरुस्ती हा आमचा घरचा धंदा. तूनची (सतारीला लागणाऱ्या लाकडाची) फळी आधी हातात तोलायची, मग टिचकी मारून कानाशी धरायची. मठ्ठ आवाज आला तर बाजूला. तुम्ही म्हणता चुंबकाला फक्त तार कळते. मान्य. पण तार काय हवेत लटकलीय? एक टोक नटवर, दुसरं ब्रिजवर (घोडीवर), आणि ब्रिज कशावर बसलाय? बॉडीवर. तार किती वेळ हलणार, कुठला सूर आधी मरणार आणि कुठला उरणार, हे तिची टोकं धरून ठेवणारा ठरवतो. चुंबक फक्त झालेलं लिहून घेतो.

दुसरं, ॲल्युमिनियमची वाजली म्हणून लाकडाने फरक पडत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट ती निराळी वाजत असेल तर माझाच मुद्दा सिद्ध होतो.

वेढे_मोजणारा

दोघंही लाकडात अडकलात. माझं सगळं आयुष्य ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये गेलं. (वडोदऱ्यात दर चौथ्या घरी असा एक म्हातारा सापडेल.) निवृत्तीनंतर नातवासाठी पिकअप गुंडाळायला घेतले. केसाहून बारीक तार, सिंगल कॉइलला (एकाच गुंडाळीच्या पिकअपला) साधारण ८००० वेढे. ताण किंचित वाढला की तार तुटते आणि पहिल्यापासून सुरुवात.

आवाजाचा स्वभाव ठरतो तो कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला वेढ्यांचा अडथळा) आणि केबलचं कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) यांच्या जोडीने. त्यांचं रेझोनन्स (घुमणं) जिथे येतं तिथे आवाजाला धार येते. सहा मीटरची केबल काढून त्याच जातीची तीन मीटरची लावा, आवाज उजळेल. व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा रोधक) २५० किलोओहमचा काढून ५०० चा लावा, आणखी उजळेल. पिकअप दोन मिमी वर घ्या, पुन्हा बदल. हे बहिऱ्यालाही कळतं. महोगनी की ऑल्डर, हे डोळे बांधून ओळखून दाखवा, मग बोलू.

कानस

काका, बॉडीपुरतं तुमचं शंभर टक्के मान्य. नेकपुरतं नाही.

ज्यांच्याकडे स्क्रूने जोडलेल्या लांब नेकची गिटार आहे त्यांनी आत्ता उचला. एकेका तारेवर प्रत्येक फ्रेटचा सूर वाजवून तो किती टिकतो ते ऐका. बऱ्याच गिटारींत एखादा सूर शेजाऱ्यांपेक्षा लवकर बसतो. याला डेड स्पॉट म्हणतात. नेकची स्वतःची थरथर त्या सुराशी जुळते आणि तारेची ऊर्जा नेक पिऊन टाकतो. आता हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) एक छोटा सी क्लॅम्प (शिकंजा) लावा. डेड स्पॉट सरकतो. तेच पिकअप, तीच केबल, तोच पॉट. यात तुमचं इंडक्टन्स कुठे आलं?

आणि तरफदारभाऊ, टोकं धरणारा ठरवतो हे खरंच. पण ४५ मिमी जाड बॉडीचं टोक जवळजवळ ढिम्म असतं, वीस-बावीस मिमीच्या नेकचं हलतं. सतारीत तबलीने हवा हलवायची असते, तिथे टिचकीला अर्थ आहे. इथे हवा स्पीकर हलवतो.

वेढे_मोजणारा

क्लॅम्पचा प्रयोग करून पाहिला. सूर सरकला. नेकपुरतं ठीक आहे.

हिंचकेकर

मध्येच घुसतो. आमचं मांडवीजवळचं जुनं घर पाडलं. सगळं भंगारात गेलं, पण आजोबांच्या हिंचक्याची सागवानी पाटी मी ठेवून घेतली. दोन इंच जाड, कडेला पितळी कड्यांची भोकं. त्याची गिटार करायची आहे. कानसदादांच्या हिशेबाने हा येडेपणाच ना? मग क्वीन बँडच्या ब्रायन मेचं काय? त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरी गिटार करायला घेतली, नेक जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून काढला, किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. ती गिटार पुढे जगभर वाजली.

कानस

येडेपणा कोण म्हणतंय? फुकटचा साग आणि आजोबांची पाटी, यात चुराडा कसला. माझं भांडण विकत घेतलेल्या दिखाव्याशी आहे. बाकी ब्रायन मेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बॉडीत मध्ये जुन्या टेबलाचं ओक आणि बाजूला ब्लॉकबोर्ड होता, आपल्याकडे दारांना वापरतात तोच. वर महोगनीचं पातळ व्हिनियर. चांगलं लाकूड नेकला, ब्लॉकबोर्ड बॉडीला. मी वेगळं काय सांगतोय?

सागाबद्दल कामाचं सांगतो. एक, पाटीत मोडलेले खिळे असणार, राउटर लावण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर बिट आणि डोळा दोन्ही जातील. दोन, सागात सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते. तीन, साग तेलकट. सांधा चिकटवायच्या लगेच आधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसायचा, नाहीतर फेव्हिकॉल वरवर धरतो आणि पहिल्या उन्हाळ्यात सोडतो. चार, वजन. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) आकाराची बॉडी सागात पावणेतीन किलोच्या आसपास भरेल, ऑल्डरमध्ये दोनच्या आत येते. आतून पोकळ करून वर पातळ फळी लावा. पितळी कड्यांची भोकं मात्र बुजवू नका, पट्टा तिथेच अडकवा.

मोठा_भाऊ

एवढा खटाटोप कशाला? इंडोनेशियात मशिनवर कापलेली तयार गिटार घ्या. फ्रेट केसाच्या अंतरानेही चुकत नाहीत. हातकाम म्हणजे हौस, त्याला शास्त्र चिकटवू नका.

कानस

६४८ ला १७.८१७ ने भागा, पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्यानेच भागायचं, असं करत बारावा बरोब्बर अर्ध्यावर, ३२४ वर. हे मशीनला जमतं तसं स्टीलची पट्टी आणि बारीक करवत घेऊन मलाही जमतं. कापणाऱ्या मशिनला जमत नाही ते पुढचं. ठोकलेल्या फ्रेटच्या डोक्यांवर मार्करची शाई लावायची, सपाट कानस फिरवायची, आणि कुठे शाई उरली ते बघायचं. उरली तो फ्रेट खोल बसलाय. सगळीकडची शाई सारखी जाईपर्यंत हेच. मग प्रत्येक डोकं पुन्हा गोल करायचं. स्वस्त तयार गिटारीत वेळ वाचवतात तो इथेच.

घनफूट

लातीवरच बसतो, म्हणून लाकडाच्या बाजूने दोन शब्द. तुम्ही सगळे जात विचारता, ओल कोणी विचारत नाही. हवेवर वाळवायचं तर इंचामागे वर्ष धरा. गिटारला ८-१० टक्के ओल हवी, आणि दारं-खिडक्यांसाठी विकला जाणारा माल त्यापेक्षा ओला असतो. मीटर घेऊन या, आम्ही रागावत नाही. (थोडे रागावतो.)

आणि आबनूस बाहेरून मागवणाऱ्यांची गंमत वाटते. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात ते आपलं टीमरू, म्हणजे टेंभुर्णी, आबनुसाच्याच कुळातलं. जुन्या झाडाचा गाभा काळा असतो. मोठा तुकडा मिळत नाही, पण फ्रेटबोर्डला मोठा लागतो कुठे? तून हे महोगनीच्या कुळातलं, वजनाला हलकं. तरी गिऱ्हाईक होंडुरासच म्हणणार. २०११ मध्ये अमेरिकेत गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यावर छापा पडला तेव्हा जप्त मालात भारतातून गेलेल्या शिसव आणि आबनुसाच्या पट्ट्या होत्या. ते आपल्याकडून नेण्यापायी अडचणीत येतात, आपण त्यांच्याकडून आणायला बघतो.

हिंचकेकर

माझा भाऊ कॅनडात आहे. शिसवाचा फ्रेटबोर्ड लावून गिटार पाठवली तर कस्टममध्ये अडकेल का?

घनफूट

२०१७ च्या जानेवारीपासून शिसवाचं जवळजवळ सगळं कुळ साइट्सच्या (दुर्मीळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या यादीत आहे, त्यामुळे मधली काही वर्षं तयार वाद्यांनाही कागद लागायचे. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट आहे. नुसती फळी पाठवणं निराळं. तरी पाठवण्याआधी एकदा चौकशी करा, माणसं बदलली की नियमाचा अर्थ बदलतो.

गरबा_रिदम

इतका वेळ वाचतेय, आणि गिटार कोणी गळ्यात घालून उभं राहतं हे कुणाच्याच ध्यानात नाही. मी नवरात्रात वाजवते. नऊ रात्री, उघडं मैदान, समोर हजारो लोक गोल फिरतायत, आणि गाणारे थांबेपर्यंत आम्हालाही थांबता येत नाही. दुसऱ्या रात्रीपासून डावा खांदा बोलायला लागतो.

म्हणून माझ्यासाठी बॉडीचं लाकूड महत्त्वाचं आहे, आवाजासाठी नाही, पाठीसाठी. कानसदादा, "कशाचीही करा" म्हणताना शिसवाची केलीत तर? नुसती बॉडी साडेतीन किलोची होईल. उलट फार हलकी केलीत आणि नेक जड राहिला तर हेडस्टॉक खाली झुकतो, आणि डाव्या हाताने सूर धरायचे की नेक तोलून धरायचा? बॉडीची निवड नेक ठरल्यावर वजनाने करायची, हा मुद्दा तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

आणि दिसण्याला हसू नका. स्टेजवर दिवे पडल्यावर लाकडाच्या रेषा दिसतात, मला आवडतात. त्यासाठी पैसे मोजायला मी तयार आहे, फक्त त्याला आवाजाचं नाव देऊन मला विकू नका.

तरफदार

ताई, शाब्बास. वजन आणि तोल हा लाकडाचाच गुण आहे, तेव्हा अर्धा विजय मी माझ्या खात्यात लिहितोय. उरलेल्या अर्ध्यासाठी आव्हान: कानसभाऊ, तुमचा नेक चार स्क्रूंवर आहे. एकाच नेकला, त्याच पिकअपला, त्याच तारांना दोन बॉडी करा. एक आमच्या तूनची, एक ब्लॉकबोर्डची. काकांनी मोजावं, मी पाठ करून बसतो.

वेढे_मोजणारा

ऑसिलोस्कोप माझा. पण तार बोटाने छेडायची नाही, दर वेळी जोर बदलतो. बारीक तांब्याची तार अडकवून ओढायची, तुटते त्या क्षणी गिटारची तार सुटते, दर वेळी सारख्या ताणाने. पिकअपची उंची दोन्हीकडे फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) जुळवायची. आणि निकाल लागेपर्यंत कोणी सेल्फी टाकायचा नाही.

कानस

मंजूर. तून तरफदारभाऊंची, ब्लॉकबोर्ड मिस्त्रींच्या उरलेल्या दारातला. नेकचा खाचा दोन्हीकडे असा घट्ट करीन की स्क्रू न लावता नेक धरून उचलली तरी बॉडी सुटणार नाही. तिथे फट राहिली तर तुलना फटीची होईल, लाकडाची नाही. तून जिंकली तर धाग्याचं नाव बदलतो. नेकबद्दलचं वाक्य मात्र हलवणार नाही.

मोठा_भाऊ

या सगळ्यात तयार गिटारही बाजूला ठेवा ना, तिसरी म्हणून. घाबरता का?

कानस

आणा. फ्रेटची टोकं आधी मी अंगठ्याने तपासणार.

गरबा_रिदम

प्रयोग झाल्यावर तूनवाली मला द्या, नवरात्राच्या आत. सगळं धरून साडेतीन किलोच्या वर गेली तर परत करीन, ॲडव्हान्ससकट हिशेब मागून.