मदत हवी आहे: ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन (१३२१)

मंडळी, टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस या फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या कॅथलिक संघातल्या) धर्मप्रसारकांवर लेख लिहितोय. होर्मुझहून कोल्लमला निघालेले हे लोक ठाण्याला उतरले आणि एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. घरात नवऱ्याने बायकोला मारलं, तिने काझीकडे फिर्याद केली आणि पाहुण्यांना साक्षीला बोलावलं गेलं. मारहाण राहिली बाजूला, वाद पेटला धर्मावरून. पैगंबरांबद्दल मत विचारल्यावर थॉमसनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. ९ एप्रिलला तिघांना मारलं. सामान राखत मागे थांबलेल्या पीटरना ११ तारखेला. जॉर्डन या डॉमिनिकन (दुसऱ्या कॅथलिक संघातल्या) सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि पुढे ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने अस्थी थेट चीनला नेल्या!

सोपाऱ्यातल्या दफनाच्या जागेवर मराठीत कुणी लिहिलंय का? वसई-ठाण्याच्या एखाद्या चर्चमध्ये ९ एप्रिलला यांची आठवण करतात का? जुन्या पॅरिश पत्रिकेचं कात्रणही चालेल. फक्त याचा संबंध पोर्तुगीजांशी जोडणारे फॉरवर्ड नकोत. ते यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.