यॉड, जेड आणि घोडीची बदनामी

प्रश्न : इंग्लंडच्या उत्तर भागातल्या आणि स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत 'यॉड' म्हणजे घोडी, असं वाचलं. 'जेडेड' या नेहमीच्या इंग्रजी शब्दाचं मूळ हेच का? आणि जेड नावाचा हिरवा दगड?

— दगड आधी बाजूला ठेवा. तो स्पॅनिशमधून आला. कुशीतल्या दुखण्यावर, पोटशुळावर तो गुणकारी समजत, म्हणून 'कुशीचा दगड' अशा अर्थाचं नाव पडलं. घोडीशी काही देणंघेणं नाही.

यॉडची गोष्ट वेगळी. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'याल्दा' म्हणजे घोडी. उत्तर इंग्लंडात डेन आणि नॉर्वेजियन लोक येऊन राहिले, त्यांच्याबरोबर असे कितीतरी शब्द तिथल्या बोलीत मुरले. खुद्द याल्दासुद्धा नॉर्सचा अस्सल नसावा. व्होल्गाकाठच्या मोर्डविन भाषांत घोडीला मिळताजुळता शब्द आहे, तिकडून तो उसना आला असं मानतात. म्हणजे घोडी बरीच लांबून चालत आली! यॉड आधी नुसती घोडी, मग म्हातारी, मोडकळीला आलेली घोडी. शेवटी बाईला द्यायची शिवी.

'जेड' (मरतुकडं घोडं) हे त्याचंच दुसरं रूप, असं काही कोशकार म्हणतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला ते मान्य नाही. मला नातं पटतं, कारण दोन्ही शब्दांची घसरण एकाच वाटेने झालेली दिसते. पण पैज लावणार नाही. १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला धर्मगुरू अशाच एका मरतुकड्या जेडवर बसलेला आहे. १६व्या शतकात जेड ही बाईला शिवी झाली. राबवून राबवून घोड्याचं असं 'जेड' करणं, त्यावरून जेडेड : थकलेला, विटलेला.

— मग 'मेअर' कसा वाचला? (महापौर नव्हे, घोडी!)

— तो वाचला आणि त्याचा नवरा मेला. जुन्या इंग्रजीत घोड्याला 'मेअर्ह' म्हणत, मेअर हे त्याचं स्त्रीरूप. पुल्लिंगी शब्द वापरातून गेला. त्याचा जर्मानिक भाऊबंद मात्र फ्रेंचमार्गे आलेल्या 'मार्शल'मध्ये दडून बसलाय. मार्शल म्हणजे मुळात घोड्यांचा चाकर, आपल्याकडचा मोतद्दारच म्हणा. तो पुढे फील्ड मार्शल झाला आणि घोडी घसरली, यावर काय बोलायचं!

'नाइटमेअर'मध्ये मात्र घोडी शोधू नका. तिथला मेअर म्हणजे झोपेत छातीवर बसणारं भूत. चित्रकार फ्यूझेलीने १७८१ साली या विषयावर चित्र काढलं, त्यात पडद्याआडून घोड्याचं डोकं डोकावतं, त्यामुळे घोळ आणखी वाढला.

— आपल्याकडे तरी काय वेगळं? 'एवढी घोडी झालीस तरी अक्कल नाही' हे कोणत्या घरात मुलीने ऐकलेलं नसतं?

— मुलालाही 'घोडा झालास' म्हणतातच की. पण त्यात चीड वयाची असते, चारित्र्याची नाही. शिवाय मराठीत घोडीला मानाची जागाही आहे. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडीच. संस्कृतात तर 'वडवा' म्हणजे घोडी, आणि समुद्राच्या पोटातला अग्नी तो वडवानल. अश्विनीकुमारांची आई संज्ञा घोडीच्या रूपात होती, ते वेगळंच. इंग्रजी हॅकनीला मात्र आपला चोख जोडीदार आहे. हॅकनी म्हणजे भाड्याने मिळणारा घोडा, त्यावरून पैशासाठी काहीही लिहिणारा तो हॅक. आपण त्याला भाडोत्री तट्टू म्हणतो.